शेपटीवाले दिवे

जुन्या खेळण्यांचे शौकीन तिला दिवेवाली मावशी म्हणतात. तरुणपणी ती खेळण्यातल्या गाड्यांच्या कारखान्यात होती. साच्यात ओतलेल्या, बोटभर लांबीच्या धातूच्या गाड्या रंगून तिच्यापुढे यायच्या आणि ती ब्रशाच्या टोकाने त्यांना चंदेरी दिवे काढायची. नजर अशी बसली होती की नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तिने आधी त्याचे डोळे एका रेषेत आहेत का ते तपासलं. "उजवा जरा खाली होता," ती सांगते, "पण घेतला चालवून."

आता त्याच गाड्या लोक कपाटात जपून ठेवतात. कुठली आधीची, कुठली नंतरची, कुठली घरी रंग फासून जुनी म्हणून खपवलेली, ते विचारायला तिच्या दारी येतात. चाकं धातूची की प्लॅस्टिकची, खिडक्या मोकळ्या की काचा बसवलेल्या, हे कुणीही सांगेल. दिवा कोणाच्या हातचा, ते मावशीच सांगते.

तिच्या धाकट्या बहिणीचा हात तर लाखात ओळखावा. धाकटी डावखुरी. टेबलाच्या पलीकडे, ताईसमोर बसायची. मधे रंगाची एकच वाटी. ब्रश उचलताना तिच्या दिव्याला बारीक शेपटी यायची. मुकादम ओरडून ओरडून थकला. मग एका दुपारी काम करता करताच धाकटीची मान टेबलावर टेकली, डुलकी लागावी तशी. ती पुन्हा उठली नाही.

परवा खेळण्यांचा दुकानदार आला. पिशवीतून दुधाची लाल गाडी काढून त्याने मावशीच्या हातावर ठेवली.

"एवढी बघा, मावशी. खरी निघाली तर वरच्या कप्प्यात, नाहीतर नातवाला खेळायला."

शेपटी दिसताच मावशी हसली. "ही आमच्या धाकटीची रे." मग गाडी उजेडाकडे फिरवली, आणि हसू जागीच विरलं. खिडक्यांना काचा होत्या. काचा आल्या त्या धाकटी गेल्यानंतर. त्यांच्यावर उडालेला रंग कापसाने पुसत मावशी एकटी बसायची, ते तिला विसरता येण्यासारखं नव्हतं.

"खोटी आहे," ती घाईने म्हणाली.

"तळ तरी बघा."

तळ कुणी कधी उचकटलेला नव्हता, म्हणजे काचा कारखान्यातच बसवलेल्या. तिने सुईने दिवा टोकरला. चंदेरी ठिपका कारखान्याच्याच वार्निशखाली होता, तिथवर कुणाचा ब्रश मागाहून पोचणार?

"खोटी असायला हवी होती," ती पुटपुटली.

"लोक खरी निघावी म्हणून माझ्यापुढे हात जोडतात, आणि तुमचं उलटंच!"

मावशीला कारखान्यातली, टेबलापलीकडची रिकामी खुर्ची आठवत होती. जेवून परत यावं तर त्या बाजूच्या ट्रेमधल्या गाड्यांना दिवे काढून झालेले असायचे. बायकांनी कळवळ्याने हातभार लावला, असं ती समजायची. विचारलं कधीच नाही. मुकादमाने नाव खोडलं, मंडळींनी रडून घेतलं, पण त्या पोरीला ऊठ, झालं तुझं काम, असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"अजून आहेत का अशा?"

दुकानदाराने पिशवी उलटी केली. निळी, पिवळी, हिरवी. सगळ्यांच्या दिव्यांना शेपटी. शेवटची नुसतीच कोऱ्या धातूची होती.

"ही बिनरंगाची. कारखान्याला टाळं लागल्यावर भंगारात सापडली. एवढी वर्षं माझ्या कपाटात तशीच..." तो वाकून बघू लागला. "हे दिवे कुठून आले? परवापर्यंत ही आंधळी होती, मावशी!"

मावशीने दिव्यावर अंगठा टेकवला. उचलला तेव्हा त्यावर चंदेरी डाग होता, ओला.

दुकानदार दोन पावलं मागे सरला. मावशीला मात्र रडू येत होतं. कारखाना गेला, टेबल गेलं, आणि ही अजून एकटीच खपतेय.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. आपल्यासमोरच्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले, खुर्ची पदराने पुसली आणि टेबलाजवळ ओढली. दुकानदार त्या खुर्चीवर टेकायला गेला.

"तिथं नको. तू स्टूल घे."

मग खुर्चीकडे वळून, शाळेतून उशिरा आलेल्या पोरीला म्हणावं तसं ती म्हणाली, "पुरे गं आता. ठेव तो ब्रश. बस इथं जरा, पाय पसर."