सहा नळ, एक टाकी आणि मंदाच्या दोन दोऱ्या

किस्से म्हणजे शेजारणींच्या डब्यांसारखे. कुठला कोणाकडून आला ते आठवत नाही, पण कपाट उघडलं की धडाधड अंगावर पडतात! त्यात मी राहते मुलुंडला पहिल्या मजल्यावर आणि माझ्या बरोब्बर खाली परबसाहेबांचं ऑफिस. नळ आणि फिटिंगची एजन्सी. सहा माणसं दुकानदारांच्या ऑर्डरी फोनवर घेतात आणि कॉम्प्युटरवर चढवतात. माझ्या किचनच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही हो. पण खिडकी लावून घेतली तर फोडणीचा धूर कुठे जाणार?

*

एके दिवशी खाली टेम्पो लागला आणि ऑफिसातले मोठाले कॉम्प्युटर बाहेर निघायला लागले. मी वरूनच ओरडले, "परबसाहेब, ऑफिस हलवताय की काय?"

"नाही हो वहिनी, सिस्टम बदलतोय!"

संध्याकाळी मंदा आली. मंदा आमच्याच बिल्डिंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची, ऑफिसमधली सगळ्यात जुनी. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. तोंड एवढंसं झालेलं.

"सुमन, माझा कॉम्प्युटर नेला गं. स्क्रीन तेवढा ठेवलाय, आणि त्याच्या मागे एक डबी चिकटवलीय. मिसळणाच्या डब्याएवढी. मी हलवून बघितली, आत काही वाजत पण नाही!"

"अगं, मग बरंच आहे की. टेबल मोकळं झालं."

मंदा घाबरली की तिची मालवणी सुरू होते. "आज ह्यो मोठो कॉम्प्युटर गेलो, उद्या माजो नंबर!"

त्या रात्री ती जेवली नसणार. मलाही चैन पडेना. एवढ्याशा डबीत ऑफिस मावतंच कसं?

*

दुसऱ्या दिवशी 'आमचा नळ गळतोय' असं सांगून मी खाली गेले. गळत होता, खोटं नाही. सिस्टम बसवणारा निलेश तिथेच होता.

"काकू, ह्याला थिन क्लायंट म्हणतात. प्रोसेसिंग सगळं सर्व्हरवर, इथे फक्त डिस्प्ले येतो."

"बाळा, आता हेच मराठीत सांग."

परबसाहेब धावून आले. शेवटी नळवाला माणूस! "वहिनी, गच्चीवर टाकी एक आणि घरोघरी नळ. नळात पाणी साठतं का? ह्या डब्या म्हणजे नळ. सगळ्यांचं काम टाकीत."

"मग टाकी कुठाय?"

त्यांनी मागचं दार उघडलं. ऑफिस म्हणजे मूळचा फ्लॅटच, तेव्हा मागे जुनं किचन. ओट्यावर काळं कपाट, त्यात हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि वर एसी! मी बाहेर पाहिलं, सगळे पंख्याखाली घाम पुसतायत.

"अहो, माणसांना पंखा आणि ह्याला एसी?"

"वहिनी, माणसं तापली तरी काम करतात!"

*

परबसाहेब विजेच्या बाबतीत भलते कडक. एकदा किचनमधून टूं टूं ऐकू आलं म्हणून आत गेले आणि ज्यातून आवाज येत होता त्याचं बटण बंद करून आले. लाइट गेले की टाकीला, डब्यांना आणि स्क्रीनना तगवून धरणारी बॅटरी होती ती! वॉचमनने मीटरच्या कामासाठी लाइट बंद केले होते, म्हणून ती बिचारी ओरडत होती.

बाहेर सहाही स्क्रीन काळे. सगळे एका सुरात, "गेलं!"

"काय गेलं?"

"सगळं!"

परबसाहेब खवळले. "कोणी हात लावला? ज्याने लावला असेल त्याने आत्ता समोर यावं!"

मंदा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही समोरच आहात."

*

मंदाची भीती मात्र गेली नव्हती. त्यात एकदा तिच्या हातून चहाचा कप उपडा झाला, थेट डबीवर! स्क्रीन ठप्प. घाटकोपरच्या दुकानदाराची लांबलचक ऑर्डर अर्धी चढवलेली.

"वाट लागली! आता तर मला काढणारच!" मंदा रडायलाच आली.

निलेश म्हणाला, "मावशी, शेजारच्या टेबलावर बसा आणि तुमचं नाव टाका."

टाकलं. तर अर्धी ऑर्डर जशीच्या तशी! 'अँगल कॉ' एवढंच टाइप झालं होतं, तिथेच रेघ लुकलुकतेय. मंदाने वाकून स्क्रीनच्या मागे बघितलं. ऑर्डर कुठून चालत आली ते बघत होती! निलेशने तिच्या टेबलावरची डबी बल्ब बदलावा तशी बदलली, झालं.

"म्हणजे मी कुठेही बसले तरी माझंच टेबल?"

"कुठेही बसा, मावशी."

मंदाने खात्री करायचं ठरवलं. दुपारी परबसाहेब जेवून येतात तर ही त्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीत, मजेत टाइप करतेय!

"मंदाताई, ही माझी खुर्ची आहे."

"हो साहेब, खुर्ची तुमचीच. टेबल माझं आहे."

*

आणि नवरात्राच्या तोंडावर मंदा जिन्यात घसरली. पाय प्लास्टरमध्ये. तिसरा मजला आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. परबसाहेब भेटायला आले आणि म्हणाले, "आता आराम करा."

ते गेल्यावर मंदाने माझा हात धरला. "सुमन, 'आराम करा' म्हणजे काय गं? माझ्या जागेवर दुसरी बसली की मग कायमचाच आराम!"

मी तशीच खाली गेले. "परबसाहेब, मंदा म्हणते, कुठेही बसलं तरी तिचंच टेबल. मग तिसऱ्या मजल्यावर एक नळ काढता येईल का?"

परबसाहेबांनी निलेशकडे पाहिलं. निलेशने छताकडे पाहिलं. "वायर पोचली पाहिजे. बाकी काही नाही."

वायर! आमचे सेक्रेटरी शहाभाई राहतात दुसऱ्या मजल्यावर, माझ्या आणि मंदाच्या मधे. बिल्डिंगला नुकताच रंग लावलेला. "बाहेरून वायर नाय चालणार. एकाला दिली तर उद्या सगळे लटकवतील."

"आणि दोरी?" मी विचारलं. मंदाची भाजीची टोपली त्याच खिडक्यांवरून खालीवर होते.

"दोरीचं काय? ती तर कायमचीच आहे."

झालं! मी जुनी साडी फाडली आणि पट्ट्या वायरवर गुंडाळल्या. आता मंदाच्या खिडकीतून दोन दोऱ्या लोंबायला लागल्या. एक टोपलीची, एक टेबलाची. संध्याकाळी शहाभाईंनी खिडकीतून डोकं काढून दुसरीला हात लावून बघितला.

"सुमनबेन, ही दोरी लई जाड आहे."

"मंदा हल्ली भोपळा घेते!"

ते डोकं आत घेता घेता म्हणाले, "पाय बरा झाला की काढा." माणूस वाईट नाही.

*

दसऱ्याला ऑफिसात प्रत्येक टेबलाची पूजा असते. डबीला हार, टाकीला हार. मी प्रसादाचा शिरा घेऊन गेले होते. परबसाहेबांच्या हातात एक हार उरला. मंदाची डबी वर, टेबल रिकामं. "मंदाताईंना कसं वगळायचं?" म्हणून त्यांनी तो प्रेमाने तिच्या खुर्चीच्या पाठीला घातला. पुढे निरांजन ठेवलं, उदबत्ती लावली आणि शिऱ्याची वाटी घेऊन वर टोपली पाठवायला मागच्या खिडकीत गेले.

तेवढ्यात घाटकोपरचा तो दुकानदार पेढे घेऊन दारात. वर्षानुवर्षं मंदाशी फोनवर बोलणारा. "मंदाताई कुठे बसतात?" एकाने पूजा सांगता सांगता नुसतं बोट दाखवलं.

त्याने हार पाहिला. निरांजन पाहिलं. चपला काढल्या, डोळे पुसले आणि हात जोडून उभा राहिला. "अरेरे! काल तर माझी ऑर्डर घेतली हो त्यांनी!"

"घेतली ना," शेजारची मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आत्ताच चढवतायत."

तो दोन पावलं मागे सरकला. मागे खिडकीत परबसाहेबांनी टोपलीसाठी दोरी ओढली. नेमकी जाडी, टेबलाची!

वरून आवाज आला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा, "कोण आहे रे ते? टेबल गेलं ना माझं!"

दुकानदाराच्या हातातले पेढे खाली. "मं... मंदाताई?"

"कोण, घाटकोपरवाले का? बरे सापडलात! अँगल कॉक सांगितलेत, साइज कोण सांगणार?"