भंडारा न उचलणारी सून

ती घटना आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. नोकरीत चोर पुष्कळ पाहिले, पण हात जोडावेत अशी माणसं थोडीच भेटली.

पूर्णा तालुक्यातल्या एका ठाण्यात मी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना चुडाव्याच्या पुढच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, देवीची सोन्याची नथ गेली. गाव देवळात जमलंय अन् एकेकाला भंडारा उचलायला लावायलंय. एका सुनंनं उचलला न्हाई. लवकर या, लोक लय तापलेत."

भंडारा उचलणं म्हणजे देवीपुढची हळद मुठीत घेऊन शपथ घेणं. आमच्याकडे ही शपथ कोर्टातल्या शपथेहून जड. खोटी घेतली तर वंश बुडतो, असा समज. म्हणून जो उचलत नाही तो चोर, हा गावाचा सरळ हिशेब.

आम्ही पोचलो तेव्हा ती सून देवळाच्या पायऱ्यांखाली एकटी उभी होती. देऊळ झाडायचं काम तिच्याच घराकडं, त्यामुळे संशयाला आणखी जोर. तिच्या नवऱ्यानं लेकरू ओढून घेतलं होतं आणि तो ओरडत होता, "चोरटी बायको मला नको. लेकरू इथं राहील, तू जा माहेरी!"

"हळदीवर गुन्हा शाबित होत नसतो, व्हा बाजूला!" मी जमावाला दटावलं. बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, हा नियम. म्हणून पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसलो. सोबत आमच्या हवालदार बाई होत्या.

"नथ घेतलीस?"

"न्हाई."

"मग भंडारा का उचलला नाहीस?"

तिनं मान खाली घातली. पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी वैतागलो. "अगं बाई, मूग गिळून काय बसलीस? बोल की!" हवालदार बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी निमूट उठून अंगणात आलो.

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. "साहेब, तिची अडचण आहे. परवापासून बाजूला बसलीय. भंडाऱ्याला हात कसा लावणार? आणि एवढ्या गड्यांसमोर सांगणार तरी कसं? नथ काल सकाळच्या आरतीला देवीच्या नाकात होती. म्हणजे नथ गेली तेव्हा ही देवळाची पायरीसुद्धा चढलेली नाही."

सुटकेचा पुरावा तोच, जो तिला बोलता येत नव्हता. साक्ष द्यायला घरात दुसरी बाई एकच, तिची सासू. पण सुनेच्या अडचणीत देऊळ झाडते कोण? तीच सासू. तिनं खरं सांगितलं, तर संशय सरळ तिच्यावर येणार होता.

मी तिला बोलावणं धाडणार, तोच देवळाकडून तिचाच आवाज आला.

"माझी सून परवापासून बाजूला हाय!" म्हातारी अख्ख्या गावासमोर उभी राहून सांगत होती. "भंडाऱ्याला शिवली असती तर बाटवलं म्हणाला असता. शिवली न्हाई तर चोर म्हणता. काल देऊळ म्या झाडलं. धरायचं तर मला धरा!"

"माय, गप की," तिचा मुलगा पुटपुटला.

"तू गप रे! बायकूसाठी तोंड उघडलं न्हाईस अन् मला शिकवायलास?"

मी जवळ जाऊन विचारलं, "आजी, झाडताना काय काय केलंत?"

"गुरवानं शिळे हार उतरवून दिले. पायदळी येऊ नयेत म्हणून पिंपळाखालच्या खड्ड्यात टाकले."

पंचांसमक्ष खड्डा उपसला. कोमेजलेल्या झेंडूच्या हारात नथ गुंतलेली निघाली. गुरवानं हार ओढला तेव्हा ती सोबत आली होती. चोर कुणीच नव्हता. मी पंचनामा लिहिला आणि नथ गावाच्या हवाली केली.

गुरवानं हात पुढं केला, पण म्हातारीनं नथ उचलून सुनेच्या हातात ठेवली. "घाल."

"आत्या, मी अजून न्हायले न्हाई."

"देवीबी बाईच हाय. तिला कळतंय."

गुरव बाजूला सरकला. सुनेनं पायऱ्या चढून देवीच्या नाकात नथ घातली. मग म्हातारी मुलाकडं वळली, "आता लेकरू दे तिचं तिला." त्यानं लेकरू तिच्या कडेवर दिलं.

गप्प माणूस म्हणजे गुन्हेगार, असं गाव धरतं, आम्ही पोलीसही धरतो. त्यानंतर मी गप्प बसलेल्याला दरडावण्याआधी, त्याला बोलायची चोरी कशाची आहे ते शोधत आलो. हे मला त्या माउलीनं शिकवलं, आणि तिचे उपकार फिटायचे नाहीत.

म्हातारी आता नाही. गाडी चुडावा सोडून पुढं निघाली की मी खिडकीतून त्या गावाकडं हात जोडतो. शेजारच्यांना वाटतं, देवीला जोडले. मीही त्यांना तसंच समजू देतो.