माथ्यावरच्या सहा कांड्या

आधी अनघा मॅडमचं नाव घेतो, मग पुढचं. त्या सांगलीत विश्रामबागेत राहतात, तिथल्याच एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. मी जतकडचा, नववीतनं शाळा सोडलेला, बोअरच्या गाडीवर राबणारा माणूस. आज घरापासून पार लांब, हिमालयाच्या पायथ्याशी एका प्रयोगशाळेत खडक कापायची नोकरी करतो. ती त्यांच्या एका पत्रामुळं लागली. त्या पत्रात एक ओळ आहे — सिद्रामवर काम सोडून निर्धास्त जाता येतं. ती ओळ मला पाठ आहे. आणि ती खरी नाही. हे आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठनं करू?

खडकापासनंच करतो. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेला धरून गप बसले. ते कसे बसलेत, किती कललेत, हे मोजलं की जमीन तेव्हा पृथ्वीवर कुठं होती ते कळतं. मॅडम सांगायच्या, हा सातारा तेव्हा विषुववृत्ताच्या पार खाली होता, तिथनं सरकत सरकत इथं आला. मी हसलो होतो. अख्खा सातारा सरकतोय, आणि मला जतहून मिरजेला यायला एसटी मिळत नाही!

त्यांना डोंगराच्या तळाचा दगड आणि माथ्याचा दगड ताडून बघायचा होता. तळाचा आधी थिजलेला, माथ्याचा शेवटी. तेवढ्या काळात जमीन किती सरकली, का सरकलीच नाही? सहा वर्षं त्या यामागं होत्या. पीएचडी त्याच्यावरच.

बोअरच्या गाडीवरनं त्यांनी मला या कामाला घेतलं. माझं काम छोट्या ड्रिलनं दगडातनं कांडी काढायचं. अंगठ्याएवढी जाड, बोटाएवढी लांब. पण कांडी दगडाला चिकटलेली असतानाच तिच्यावर रेघ मारायची, सुईची सावली आणि घड्याळातली वेळ बघून दिशा लिहायची, आणि मगच तोडायची. आधीच तुटली आणि ड्रिलमध्ये फिरली, तर ती मुकी झाली. तिला कुठलीच दिशा राहत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुटली तर फेकून दे. त्यात लाज नाही."

त्यात लाज नाही — असं त्या म्हणाल्या होत्या.

साताऱ्याजवळ ठोसेघरच्या वरच्या अंगाला, माथ्यावर, त्या दिवशी त्यांना परवानगीच्या कागदासाठी खाली गावात जावं लागलं. "आज तू एकटा कर," म्हणाल्या. पहिल्यांदाच. छाती अशी फुगली माझी! म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून बघत होता. "काय रं गड्या, डोंगराला सुई टोचतोस व्हय? ताप आलाय का त्येला?" म्हटलं, "व्हय आबा, लय जुना ताप हाय."

दोन कांड्या नीट आल्या. मग दगडच ठिसूळ लागला. तिसरी तुटली. चौथी, पाचवी... आठवीपर्यंत सगळ्या ड्रिलमध्ये गरगर फिरून बाहेर. ड्रिलला घालायचं पाणीही संपलं. मी त्या सहा कांड्या हातात घेऊन बसलो. फेकायच्या होत्या ना? फेकल्या नाहीत. प्रत्येकीवर रेघ मारली. वहीत आकडे लिहिले. सगळे एकसारखे दिसले तर संशय येईल म्हणून कुठं दोन अंश वाढवले, कुठं तीन कमी केले. म्हणजे ही चूक नव्हती. मी विचार करून केलं.

मॅडम दम खात वर आल्या, कांड्या मोजल्या. "आठच्या आठ? एकट्यानं? शाबास रे!" तेवढ्या एका शब्दासाठी. दुसरं काही नव्हतं.

दोन महिन्यांनी मॅडम कांड्यांचं चुंबकत्व मोजून प्रयोगशाळेतनं परतल्या त्या उतरल्या चेहऱ्यानं. माथ्याच्या आठातल्या सहा कांड्या सहा दिशांना तोंड करून होत्या. वीज पडली की दगडाचं चुंबकत्व विस्कटतं म्हणे. त्यांनी मला विचारलं, "सिद्राम, तिथं वीज पडली असेल का रे?" सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "आवं मॅडम, माथ्यावर लय पडत्यात. त्यो म्हशीवाला आबा म्हणतच हुता की." बिचाऱ्या आबानं ताप सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

पीएचडीच्या खुल्या तोंडी परीक्षेला मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, वीज पडलेल्या दगडाचं चुंबकत्व कितीतरी पट वाढतं. या कांड्यांचं तर साधंच आहे, मग वीज कशावरून? मॅडमनी मागं वळून माझ्याकडं हात केला. "माझा माणूस तिथं चौकशी करून आलाय. त्याच्या शब्दावर माझा विश्वास आहे." कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजला. पदवी मिळाली, पण प्रबंधातनं माथ्याचं प्रकरण काढून टाकायला लावलं. सहा वर्षांचा प्रश्न अर्धाच राहिला. तळ आहे, माथा नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांनी माझ्यासाठी ते पत्र लिहिलं.

आता जिथं मी राहतो, तिथंच ती सरकत आलेली जमीन येऊन धडकलीय. त्या धडकेनं उठलेला डोंगर खिडकीतनं रोज दिसतो. कांडी तुटली की मी फेकतो. इथले साहेब म्हणतात, सिद्राम फार काटेकोर.

अनघा मॅडम, कधीतरी मी त्या माथ्यावर परत जाईन. पाण्याचे कॅन स्वतः वाहून नेईन, आठ दिवस लागले तरी लागू देत. तुटतील त्या फेकीन. सहा कांड्या नीट निघाल्या की विश्रामबागेत येऊन तुमच्यासमोर ठेवीन, आणि जुन्या सहा कुणी विस्कटल्या ते तुमच्या तोंडावर सांगीन. वीज नव्हती पडली, मॅडम. तिथं मी होतो.