अळीमामांचे हात

कीटकशाळेत सगळे त्यांना अळीमामा म्हणत. घरी त्यांचं कोणी ऐकत नसे. निदान पतंग तरी आपलं ऐकतात, असा त्यांचा समज होता. काचेच्या पिंजऱ्यांत त्यांनी पतंगांच्या कित्येक पिढ्या वाढवल्या. लेकीच्या सासरची माणसं ओळखताना त्यांची त्रेधा उडे, पण कुठल्या पतंगाची आजी कोण, हे तोंडपाठ.

सध्या तिथल्या संशोधक मॅडमचा प्रयोग चालू होता. एका पिंजऱ्यातल्या पानांना कडुनिंबाचा हलका अर्क, दुसऱ्यातली पानं कोरी. अर्काने पतंग मरत नसत, नुसते बावचळत. नराला मादीचा वास लागेना, मादीला अंडी घालायला एकही पान पसंत पडेना. हेच तर बघायचं होतं. पण कोऱ्या पिंजऱ्यातही तीच तऱ्हा! नर मादीच्या शेजारून परक्यासारखे निघून जात.

"वाणच बिघडलंय, मामा," मॅडम म्हणाल्या. "उद्या सगळे काढून टाकू. बाहेरून नवे आणू."

अळीमामांना घास गोड लागेना. बायको जेवता जेवता डासांवर टाळ्या मारत होती.

"तुम्हाला बरे चावत नाहीत हल्ली!"

"रक्त खानदानी आहे."

"डोंबलाचं खानदानी! भेगांसाठी रोज सकाळी तुमच्या हातांना कडुनिंबाचं तेल चोळते मी. डास काय, शेजारीणसुद्धा नाक धरते."

मामांचा घास हातातच राहिला. कोरी पानं ते रोज याच हातांनी पुसून लावत. हातमोजे कधीच घालत नसत. "लेकरांना मोजे घालून कोण गोंजारतं?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

सकाळी त्यांनी मॅडमपुढे दोन्ही हात धरले. मॅडमनी वास घेतला आणि हसत खुर्चीतच बसल्या.

"म्हणजे बिनऔषधाच्या पिंजऱ्यातलं औषध तुम्हीच!"

पतंगांची हकालपट्टी टळली, हातांचा वास जाईपर्यंत मामांची झाली. धुतलेल्या पिंजऱ्यात मॅडमनी स्वतः ताजी पानं लावली. मामा प्रसूतिगृहाबाहेरच्या बापासारखे काचेला नाक लावून उभे. काही दिवसांनी पानांच्या पाठीवर खसखशीएवढी अंडी दिसली. मामांनी डोळे पुसले, अर्थात कोपराने.

तेल बंद केलं तरी वास मात्र जाता जाईना. एका संध्याकाळी मनगटावर डास बसला. बायकोने टाळी उगारली.

"थांब!" मामा ओरडले. "पिऊ दे त्याला पोटभर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावर उठलेली गांधी प्रशस्तिपत्रकासारखी मॅडमना दाखवली.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "या आत. आणि हे मोजे घाला."