पडद्याकडे पाठ

भंडाऱ्यातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, फुकट व्याख्यान असतं. कधी व्याख्याता मिळाला नाही की माहितीपट. मी जाते ती कूलरसाठी. आमच्या कचेरीतला कूलर नुसतं पाणी गाळतो. वाचनालयातला धड आहे, आणि मागच्या रांगेत बसून डबा उघडला तर कुणी हटकत नाही. ज्ञानाची भूक मला भरदुपारी लागत नाही, पोळीभाजीची लागते. बाकीच्यांचंही तेच, फक्त ते डब्यावर रुमाल टाकतात आणि वक्त्याकडे बघून माना डोलावतात.

तो कूलरही सुखाने मिळत नाही. कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन आलं. कूलरच्या वाऱ्याने समई विझते म्हणून आधी कूलर बंद करतात. मग वाती लागतात, हार होतात, स्वागतगीत होतं, आणि सगळ्यांच्या पाठी घामाने भिजल्यावर कुणाला तरी आठवतं की कूलर बंद आहे. वक्ता उभा राहतो तेव्हा अर्धी सुट्टी संपलेली असते. एकदा तणावमुक्तीवर बोलायला आलेल्या डॉक्टरांना हातातल्या नारळासकट बोलायला लावलं होतं, कारण तो ठेवायचं टेबल समईने अडवलं होतं.

या सगळ्याचे धनी आमचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक. त्यांना माणूस दिसला की शाल पांघरावीशी वाटते. भर मे महिन्यात, विदर्भात, शाल! मंचाबद्दल तर ते फार हळवे आहेत. पाहुणे एकदा मंचावर बसले की कार्यक्रम संपेपर्यंत उठायचे नाहीत, मंच रिकामा दिसला तर शोभा जाते. व्याख्यानाला हे चालून जातं. पण पडदा त्याच मंचाच्या मागच्या भिंतीवर आहे. त्यामुळे माहितीपटाच्या दिवशी सन्माननीय पाहुणे पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसतात आणि आम्ही त्यांच्या डोक्यांवरून पाहतो. नागझिऱ्याचा माहितीपट होता तेव्हा वाघ अध्यक्षांच्या टकलावरून चालत गेला. ते मात्र आमच्याकडे बघून मंद हसत होते. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि एकाही शहाण्याला खुर्च्या खाली घ्याव्यात असं सुचलेलं नाही.

मी हसून सोडून दिलं असतं. पण या उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणावरचा माहितीपट आला.

आमच्या कचेरीच्या फाटकाशी एक मावशी मासोळ्या विकायला बसते. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठत होतं तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन आलं होतं आणि तिचा नवरा नदीकाठी उभा राहून त्यांच्याशी बोलला होता. पुढे नव्या वस्तीत तो वारला. त्याचा फोटो तिच्याजवळ एकच, मतदान कार्डावरचा, ज्यात तो कुणीही असू शकतो. माहितीपट बनवणारा तरुण त्या वस्तीत येऊन तिला सांगून गेला होता की जुन्या चित्रणातले तुमचे मालक आम्ही घेतलेत. तेव्हापासून ती मला रोज विचारायची.

"खरंच बोलते का जी थो त्याच्यात? का नुसता उभा हाय?"

"बोलते म्हणतेत, मावशी. मीनंबी अजून पाह्यलं नाही."

त्या दिवशी तिने मासोळ्या आणल्या नाहीत. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "काहून वं मावशी, आज धंदा नाही?" तर चक्क लाजली.

तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून मी ग्रंथपालांना सांगून पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरून ठेवली होती. ग्रंथपालांनी ते अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष हात जोडत खाली आले. "आपण प्रकल्पग्रस्त! आपली जागा खाली नाही, वर आहे."

"मी अठीच बरी हाय जी," मावशी म्हणाली.

ऐकतोय कोण? दोघांनी धरून तिला मंचावर नेलं आणि अध्यक्षांच्या शेजारी जाडजूड सोफ्याच्या खुर्चीत बसवलं. मी उठून म्हटलं, सर, त्यांना पाहायचंय. ते म्हणाले, "पाहतील की, समोरच तर बसल्या आहेत." समोर आम्ही होतो, डबे घेऊन. मग शाल आली. मग विस्थापितांच्या वेदनेवर त्यांचं भाषण झालं, आणि तेवढा वेळ ती बाई त्यांच्या शेजारी लोकरीच्या शालीत घाम पुसत होती. मला त्या माणसाची किळस आली. आजही येते.

दिवे मालवले. माहितीपट सुरू झाला. नदी, डोंगे, रिकामी होत चाललेली घरं. मावशी मान वळवून वर बघायला धडपडत होती, पण पडदा इतका जवळ आणि इतका उंच की तिला नुसते रंग दिसत असणार. अध्यक्षांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "आजी, समोर. लोक बसलेत. लोकांकडे पाठ करू नये." माणूस मोठा, अंगावर त्याने दिलेली शाल. ती समोर वळली.

आणि तेव्हाच तिच्या पाठीमागे तो बोलायला लागला.

"घर दाखवता, पट्टा दाखवता. जाळं वाळवाले जागा कुठं हाय थे सांगा नं मले."

मावशी ताडकन उठली. पडदाभर त्याचा चेहरा होता, पांढरी दाढी, चिडलेले डोळे. ती वळणार तोच छायाचित्रकार खालून ओरडला, "मॅडम, इकडं!" अध्यक्षांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं, तिच्याकडे झुकले आणि दात दाखवले. लखकन उजेड पडला. मी ओरडले, "अहो, तिचा नवरा आहे तो! सोडा तिला!" मागच्या रांगेतून मला शू केलं गेलं. ती सुटून वळली तेव्हा पडद्यावर धरणाचे दरवाजे आले होते.

माहितीपट संपला. तो बनवणारा तरुण स्वतःच दाखवायला आला होता; पुन्हा तेवढं एकदा लावा म्हणून मी त्याला विनवलं. तो लावतही होता, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. आभारप्रदर्शन राहिलं होतं. आभारप्रदर्शन झालं, अगदी कूलर भाड्याने देणाऱ्याचेही आभार मानून झाले, आणि तोवर तरुणाची नागपूरची गाडी निघायची वेळ झाली. प्रत मागितली तर म्हणाला, कुठल्याशा महोत्सवाला पाठवलाय, तो होईपर्यंत देता येत नाही. नदीकाठच्या माणसांची कणव येऊन ज्याने हे सगळं बनवलं तो हे म्हणाला.

बाहेर आल्यावर मावशीने शाल माझ्या हातात दिली. "कसा दिसला जी?"

मी सांगितलं. दाढी होती, अंगात बंडी होती, चिडला होता.

"चिडलाच राहे थो," ती म्हणाली. "आवाज मीनं आयकला. तोंड नाही दिसलं."

दोन दिवसांनी फोटो पेपरात छापून आला. अध्यक्षांनी तो मोठा करून वाचनालयात लावला. मावशीला तो दाखवायला नेऊ नये असं मला वाटलं, पण ती स्वतःच गेली, आणि येऊन म्हणाली, "त्याच्यात आमी दोघंबी हावो." खरंच होतं. पुढे ती, घाबरलेली. मागे पडद्यावर तो. आणि दोघांच्या मध्ये, झुकलेले, दात दाखवणारे अध्यक्ष.

"मधातला मानूस काढता येते का, बाई?"

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. छायाचित्रकाराकडून फोटो घेतला, स्टुडिओत गेले आणि म्हटलं, अध्यक्षांना काढा. त्याने काढलं. शाल देणारा हात, टक्कल, दात, सगळं गेलं. पण त्यांच्या डोक्यामागे नवऱ्याचा एक गाल आणि कान झाकला गेला होता, तिथे स्टुडिओवाल्याने भिंतीचा रंग भरला.

"त्यांच्या मांगं काय होतं थे फोटोत आलंच नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी कुठून आणू?"

फाटकाशी बसलेल्या मावशीने फोटो हातात घेऊन त्या रंगावरून अंगठा फिरवला.

"कान?"

"नाही आला, मावशी. अध्यक्षाच्या डोक्यामांगं राहून गेला."

"जाऊ दे," ती म्हणाली. "तसाबी थो एकाच कानानं आयके." ती हसली आणि हसता हसताच तोंडावर पदर घेऊन, टोपलीशी बसल्या जागी, रडायला लागली. मासोळ्या घ्यायला एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला मी हाकलून लावलं.