तोंड बंद ठेवून जिंकलेला खो-खो

माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून माझा आवाज असा झालाय, की मी घरात मीठ मागितलं तरी शेजारची दार उघडून बघते. कळंबजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी मनावर घेत नाही. घेतलं ते माझ्या मुलीनं.

झालं असं, की शाळेतल्या क्रीडाशिक्षकांची बदली झाली आणि त्या जागेवर कुणी आलंच नाही. मुलींचा खो-खोचा संघ चांगला जमला होता. मुख्याध्यापक दळण न्यायला आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही शाळेत असताना खेळायचात म्हणं. घ्या की संध्याकाळी तासभर." मी घेतलं. संघातल्या मुली मला काकू म्हणायच्या. एकच आई म्हणायची. ती आठवीत होती आणि पळण्यात सगळ्यांत चपळ.

तालुक्याच्या स्पर्धेत मी रेषेबाहेर उभी राहून सगळ्यांवरच ओरडले, पण तिच्यावर जास्त. "खांबाकडं वळ! झोपलीस का? आत घे, आत!" आम्ही जिंकलो. घरी आल्यावर तिनं बूट काढले आणि म्हणाली, "जिल्ह्याला एकतर तू येशील, नाहीतर मी."

"का गं?"

"पळताना माझ्या मागं दोघी असतात. एक त्यांची आन् एक तू."

तिच्या वडिलांना हसू फुटलं. मी त्यांच्याकडं बघितल्यावर ते म्हशीला पाणी दाखवायला बाहेर गेले.

ती आली नाही तर संघात दम नव्हता. मी गेले नाही तर निम्म्या घरांतून मुलींना धाराशिवला पाठवलं नसतं, कारण सोबत बाईमाणूस हवं होतं. शेवटी ठरलं. सरावात मी काय ते बोलायचं, सामन्यात तोंड उघडायचं नाही. उघडलं, की ती मैदान सोडून बाहेर येणार. ती तशी आहे. माझ्यावर गेलीय.

जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिले सामने सोपे गेले. अंतिम सामना परंड्याकडच्या एका संघाशी होता. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला लातूरला जाणार होता, आणि आमच्या गावातून मुलींचा संघ तिथवर कधी गेला नव्हता. परंड्याच्या संघाचे शिकवणारे म्हणजे त्यांच्या कप्तान मुलीचे वडील. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. खेळ सुरू झाला आणि त्यांचं तोंड सुरू झालं. "हिला दे! तिला दे! अगं खांब मार!" शिवाय प्रत्येक वेळी हातवारे. मला त्यांचा हेवा वाटला.

मी मांडीखाली हात दाबून खुर्चीवर बसले होते. आमच्या एका मुलीची आई अंतिम सामना बघायला आली होती, ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, बरं न्हाय का तुम्हाला?"

"बरं आहे. बस गप."

बोलता येत नाही म्हटल्यावर माणूस बघतं. मीही बघू लागले. आमच्या मुली पळत होत्या, त्यांच्या मुली पाठलाग करत होत्या. त्यांची प्रत्येक मुलगी खो द्यायच्या आधी क्षणभर मान वळवायची. कुणाकडं? तर त्या टॉवेलवाल्या वडिलांकडं. त्यांनी उजवा हात उडवला, की खो मधल्या मुलीला. डावा उडवला, की पाठलाग करणारी सरळ खांबाकडं. त्यांचा अख्खा संघ त्या दोन हातांवर चालला होता, आणि हात आधी हलायचे, मुली मागून.

पहिला डाव संपला तेव्हा आम्ही मागं होतो. मी मुलींना गोळा केलं. "पाठीमागच्या पोरीकडं बघायचं नाही. तिच्या मास्तरच्या हातांकडं बघायचं." आणि कोणता हात म्हणजे काय, ते सांगितलं.

माझी म्हणाली, "ही लबाडी न्हाय का?"

"लबाडी कशाची? माणूस भर मैदानात हात हलवतोय. एस.टी. स्टँडवरून दिसतोय."

दुसऱ्या डावात आम्ही आधी पाठलाग केला आणि सहा गुणांनी पुढं गेलो. मग पाठलागाची त्यांची पाळी. पहिल्या तुकडीतल्या तिघी हात बघून पळाल्या आणि बाद व्हायच्या आधी इतका वेळ टिकल्या, की ते वडील टॉवेलनं तोंड पुसायला लागले. पण दुसऱ्या तुकडीतल्या दोघी पाठोपाठ बाद झाल्या. राहिली माझी. गुणफलक बघितला. आघाडी आता एकाच गुणाची उरली होती. ती बाद झाली की बरोबरी, आणि मागं उरलेल्या मुली आमच्यात सगळ्यांत हळू.

डावा हात उडाला. ती खांबापासून लांब सरकली. उजवा उडाला. मधली मुलगी उठायच्या आधी ही पलीकडच्या बाजूला. वडील चिडून जोरात ओरडू लागले, त्यांची मुलगी जास्तच वेळा मान वळवू लागली, आणि माझी दर वेळी एक पाऊल पुढंच. एकदा मात्र ती घसरली, गुडघा टेकला. "ऊठ" माझ्या दातांपर्यंत आलं. मी पदर तोंडात कोंबला. ती उठली, दोन मुलींच्या मधून आरपार गेली, आणि वेळ संपल्याची पंचांची शिट्टी वाजली.

आमच्या मुली मैदानात घुसल्या. माझी धावत आली आणि गुडघ्याचं रक्त पुसायला माझाच पदर धरला. तो ओला होता. "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, "जिंकायला लागतं."

थोड्या वेळानं ते वडील आले. माणूस दिलदार. "ताई, लई भारी पळाली तुमची लेक. मार्गदर्शक कोण आहेत? दिसले न्हाईत."

"मीच."

"व्हय? पण तुमचा आवाज तर ऐकलाच न्हाय मी."

त्यांची मुलगी मागंच उभी होती, डोळे लाल करून. ती म्हणाली, "आप्पा, ऐकलं ना? आता पुढच्या वर्षी तुम्ही घरी बसा." आप्पांनी टॉवेल खांद्यावरून काढून तिच्या डोक्यावर टाकला. माझी इतकी हसली, की जमिनीवर बसली.

लातूरला आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. मी खुर्ची मैदानाच्या अशा बाजूला लावून घेतली, जिथून समोरचा मार्गदर्शक नीट दिसेल.