देवाला न चालणारी बाग

"मेलेलं नाहीये, रुसलंय."

शेजारचे काका हे वाक्य बंद पडलेल्या स्कूटरबद्दल बोलत, फोन न करणाऱ्या मुलाबद्दल बोलत, आणि उन्हाळ्यात पापडासारख्या वाळलेल्या आपल्या नेच्यांबद्दल तर रोजच बोलत. एक हात भिंतीवर, दुसऱ्याने चष्मा सारखा करायचा. कोणी "फेकून द्या की आता" म्हटलं, तर त्याच्याकडे असं बघत की तो चहा न घेताच उठायचा.

उज्जैनच्या बागा तुम्हाला माहीत असतील तर सांगायला नको. इथे फुलझाड लावणं म्हणजे महादेवाच्या नावाने सदावर्त घालणं. भल्या पहाटे पिशव्या आणि आकडा लावलेल्या काठ्या घेऊन भक्तमंडळी फिरायला निघतात, आणि उजाडेपर्यंत आमच्या नानाखेड्यात एक जास्वंद जागेवर राहत नाही. चोरी म्हणायची सोय नाही, देवाला नेलेलं चोरीत धरत नाहीत. काका बँकेतल्या बदलीने साताऱ्याहून आलेले. त्यांनी हौसेने मोगरा लावला, गुलाब लावले, आणि स्वतःच्या बागेतलं एकही फूल त्यांना उमललेलं बघायला मिळालं नाही. त्यातच आमच्या वडिलांनी घरावर मजला चढवला आणि त्यांच्या अंगणातलं ऊनही गेलं.

"ऊन तुम्ही नेलं, फुलं भक्तांनी नेली," काका शांतपणे म्हणाले. "आता देवाला चालणार नाही असं काहीतरी लावतो."

म्हणून नेचे. ना फूल, ना फळ, ना वास, ना भाजी. गावात कुठे ना कुठे जुनी भिंत पाडायचं काम चालूच असतं. काका स्कूटर घेऊन तिथे हजर. बाहेरगावचे लोक उज्जैनहून प्रसाद घेऊन जातात, हे विटा घेऊन यायचे. विटेच्या फटीत काळ्या देठांचा हंसराज नाहीतर मोराच्या तुऱ्यासारखी मोरशिखा चिकटलेली असायची. ती वीट तशीच सावलीतल्या भिंतीशी रचायची, भोवती चुन्याचा चुरा आणि शेजारी झिरपणारा जुना माठ. "लाड करायचे नाहीत," ते मला शिकवायचे. "इथल्याच मातीची जात आहे. खत घातलं की बिघडते, दुर्लक्ष मात्र छान पचवते."

पहाटेच्या मंडळींपैकी एक बाई एकदा फाटकाशी थांबल्या.

"अंकलजी, इसमें फूल कब आएगा?"

"कभी नहीं आएगा, बहनजी."

"तो फिर लगाया क्यूँ?"

"इसीलिए."

काकूंचं मत त्या बाईंच्याच बाजूचं. त्या रोज महादेवाला जाणाऱ्या, आणि घरच्या बागेतून न्यायला बेलाचं एक पान नाही. "भिंतीला केस आलेत," एवढंच म्हणायच्या. भिंतीकडे बघतही नसत.

मग एका श्रावणात काकांना न्यूमोनिया झाला. फ्रीगंजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "मुलाला बोलावून घ्या" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू आमच्याकडे कात्री मागायला आल्या. मी मागोमाग गेलो. त्या भिंतीवरचा एकेक नेचा कापून परडीत ठेवत होत्या.

"काकू, अहो, काका काय म्हणतील?"

"म्हणायला घरी तर येऊ देत," त्या म्हणाल्या.

नवस साधा होता. ज्याच्यासाठी मागायचं, त्याला सगळ्यात प्रिय असेल ते वाहायचं. कॉलनीतल्या देवळात पुजाऱ्याने परडीत डोकावून विचारलं, "माताजी, ये घास क्यूँ ले आईं?"

"घास नहीं है, महाराज. हमारे इनकी जान है इसमें," काकू म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काका वाचले. घरी आले तेव्हा भिंत नुकतीच न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखी होती.

"सगळे?" काकांनी विचारलं.

"सगळे," काकू म्हणाल्या.

"मुळं?"

"मुळांना हात नाही लावला."

"मग मेलेले नाहीत," काका म्हणाले आणि खुर्ची मागवून भिंतीसमोरच बसले. नंतर मला हळूच म्हणाले, "मला वाटायचं, हिला ते दिसतच नाहीत रे."

भाद्रपदातच कोवळे कोंब परत दिसू लागले. तोवर कॉलनीभर बातमी झाली होती. देवाला नको म्हणून लावलेल्या झाडाचाच महिमा झाला, आणि पुढच्या श्रावणात पिशव्या घेऊन बायका काकांच्या फाटकावर हजर: "अंकलजी, वो चमत्कारवाली पत्ती." काकांनी फाटकाला कुलूप घातलं. महादेवाने तुम्हाला शेवटी गाठलंच, असं म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो.

यंदा फाल्गुनात काका गेले. झोपेतच गेले. काकूंना कात्री मागायलाही वेळ मिळाला नाही.

श्रावण लागला तशी भिंत नेहमीसारखी हिरवी झाली. पहिल्या सोमवारी एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा दवाखान्यात होता. काकूंनी स्वतः कुलूप काढलं, तिच्या हातात कात्री दिली आणि एवढंच म्हणाल्या, "जड़ छोड़ देना."

ती भरली परडी घेऊन देवळाकडे निघाली. काकू जागच्या हलल्या नाहीत. फाल्गुनापासून त्या देवळात गेल्याच नव्हत्या, आणि ते विचारायची हिंमत मला तोवर झाली नव्हती.

"काकू, देव सोडलात का?"

त्यांनी एक हात भिंतीवर ठेवला, दुसऱ्याने चष्मा सारखा केला.

"सोडलेला नाहीये," त्या म्हणाल्या. "रुसलेय."